सतरा नंबरची संमती

१

गुरुवारी सकाळी मैत्रेय सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली. पुनर्विकासाला लेखी संमती देणाऱ्या सभासदांची. एकूण फ्लॅट अठ्ठावीस, संमती पंधरा. कायद्याने पंधराच लागत होत्या, एक जरी कमी पडली असती तरी गाडी अडली असती.

ममता हनवते दुधाच्या पिशव्या घेऊन वर चालली होती. तिने जाता जाता यादीवरून नजर फिरवली आणि नवव्या नावाशी ती थांबली. फ्लॅट सतरा. ममता धम्मपाल हनवते. संमतीची तारीख सत्तावीस जुलै.

त्या दिवशी ममता बेल्जियममध्ये होती. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिला गेंट शहरातल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात जागा मिळाली होती, सहा आठवड्यांची, शिष्यवृत्तीसह. सत्तावीस जुलैला रविवार होता. ती दुपारभर कालव्याच्या कठड्यावर बसून बटाट्याचे चिप्स खात पुराव्याच्या कायद्याचं टिपण वाचत होती. भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावरच्या या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत काय चाललंय, ते तिच्या मनातही नव्हतं.

परतून नऊ दिवस झाले होते. झोप अजून जागेवर आली नव्हती. तिकडे साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असायचा. इकडे सातनंतर झपकन अंधार पडला की तिला उगीच काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटायचं आणि ती घरातल्या घरात येरझाऱ्या घालायची.

यादीच्या खाली एक ओळ होती. 'बिल्डरसोबत करारावर सह्या, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता.'

म्हणजे हातात तीन दिवस होते.

२

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. चिटणीस लवू परब तिथे फाइली लावत बसले होते.

"परबकाका, मी संमती दिलेली नाही."

परबांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं कसं? फॉर्म आहे की."

त्यांनी फाइल काढून समोर ठेवली. छापील इंग्रजी फॉर्म. पेनने भरलेला. नाव, फ्लॅट नंबर, तारीख, खाली सही. ममता बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. तिला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या कागदात तिला एकही चूक दिसेना. नावातला एम, हनवतेच्या शेवटच्या अक्षराची शेपटी, आकड्यांची ठेवण, सगळं तिचं होतं. कुणी कोर्टात विचारलं असतं, तर तिने स्वतःच 'माझं अक्षर' म्हणून ओळखलं असतं.

"मी तेव्हा भारतात नव्हते. पासपोर्टवर शिक्के आहेत."

"शिक्क्याने काय होतं? तिकडून कुरियरने पाठवला असशील. तारीख काय, कुणीही टाकतो," परब म्हणाले. "बघ ममता, तुझ्या आईचा विरोध आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आईपुढे बोलता येत नाही म्हणून आता नाही म्हणत असशील तर तसं सांग."

वकिली शिकणाऱ्या मुलीला तिथेच कळलं, की आपण परदेशात होतो याचा इथे काडीचा उपयोग नाही.

"हा तुमच्या हातात कुणी दिला?"

"हातात नाही. बाहेरच्या पेटीत होता. शेवटच्या दिवशी, सत्तावीसला संध्याकाळी मी पेटी उघडली, त्यात सापडला." परब पुढे झुकले. "त्या दिवशी पेटीपाशी तुझा भाऊ उभा होता. मी डोळ्यांनी बघितला. ताई हो म्हणेल, असंही तोच मला म्हणाला होता."

ममताने मोबाइलवर फॉर्मचा फोटो काढला. पहिल्यात सही नीट दिसेना. तिने दुसरा काढला.

३

बाबांच्या पश्चात फ्लॅट ममताच्या नावावर झाला होता. आई, सुचेता, महापालिकेच्या शाळेत सेविका होती आणि पुनर्विकासाचं नाव काढलं की तिचा आवाज चढायचा. तिच्या धाकट्या बहिणीची बिल्डिंग पाडून सहा वर्षं झाली होती. बिल्डर मधेच पळाला, प्लॉटवर गवत वाढलं, बहीण अजून भाड्याने राहत होती.

"बँक गॅरंटी असल्याशिवाय सही करायची नाही, हे मी तुला विमानतळावर सांगितलं होतं," आई म्हणाली. बिल्डर पळाला तर बँकेने बांधकाम पुरं होईपर्यंतची रक्कम द्यायची, एवढाच तिचा आग्रह होता. या करारात ते कलम नव्हतं.

"आई, मी सही केलेली नाही."

"मग कुणी केली?"

दोघींनी एकदमच साहिलकडे पाहिलं. साहिल बावीस वर्षांचा. त्याला नवी बिल्डिंग हवी होती, हे त्याने कधी लपवलं नव्हतं.

"पेटीपाशी काय करत होतास त्या दिवशी?" ममताने विचारलं.

"टाकीच्या गळतीची तक्रार टाकत होतो."

"परबकाकांना तू सांगितलं होतंस ना, ताई हो म्हणेल म्हणून?"

"सांगितलं होतं. मला तसं वाटत होतं म्हणून. म्हणजे मी सही मारली?" तो उठला. "माझ्याकडे तुझ्या पॅनची झेरॉक्स आहे, बँकेचा फॉर्म आहे. बस, झाला पुरावा. जा, लिही तक्रार."

"साहिल, मी फक्त विचारतेय."

"तू विचारत नाहीयेस ताई. तू ठरवून आलीयेस."

तो चप्पल घालून निघून गेला. आई कणकेचा गोळा मळत राहिली, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

ममताने कपाट उघडून त्या झेरॉक्सा काढल्या आणि मोबाइलमधल्या फोटोशेजारी धरल्या. काहीतरी जुळत नव्हतं. सही सारखी होती, तरी एकूण कागद वेगळा वाटत होता. कशामुळे, ते तिला सांगता येईना.

४

अडचण आली की तिसऱ्या मजल्यावर कोंडिरामकाकांकडे जायचं, ही ममताची शाळेपासूनची सवय. कोंडिराम खिल्लारे ठाण्याच्या कोर्टात नकला विभागात तीस वर्षं कारकून होते. निकालांच्या, दस्तांच्या नकला हाताने उतरवण्याच्या काळापासून ते तिथे होते. ममताचा परदेशाचा अर्ज त्यांनीच कागदाला कागद लावून तयार करून घेतला होता. सही नेहमी पूर्ण नावाची करावी, हेही त्यांनीच शिकवलेलं.

दार त्यांनी अर्धवटच उघडलं. "काकू झोपलीय. इथेच बोलू."

वैजयंताकाकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून दवाखाना सोडून त्या खाली उतरल्याच नव्हत्या.

काकांनी फोटो मोठा करून पाहिला. फार वेळ नाही, क्षणभरच.

"हे साहिलचं काम नाही," ते म्हणाले.

"कशावरून?"

"हात बसलेला आहे. कुठे थांबलेला नाही, कुठे थरथरलेला नाही. त्या पोराला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही, तो असली नक्कल काय करणार? त्याला उगीच बोलू नकोस."

ममताला बरं वाटलं. "मग मी उद्या सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज देऊ?"

"घाई करू नकोस. रविवार होऊन जाऊ दे. मग शांतपणे अर्ज करू."

"काका, रविवारी करार झाला की मग काय उरतं?"

"बघू की काहीतरी," काका म्हणाले आणि आतून काकूंनी हाक मारल्यासारखा आवाज आला म्हणून दार लावून आत गेले.

ममता जिन्यात उभी राहिली. तिला कुठलाही आवाज ऐकू आला नव्हता. आणि ज्या माणसाने तिला मुदतीच्या एक दिवस आधी कागद दाखल करायला शिकवलं, तो आज थांब म्हणत होता.

५

शुक्रवारी ती उत्तनची बस पकडून तारोडीला गेली. घरात बसवत नव्हतं आणि कॅरेन तिथे होती. कॅरेन तिच्याच वर्गातली, समुद्राकडच्या घरात वाढलेली, बोलायला फटकळ.

कॅरेनची आई आयरिन अंगणात सुकटीवरचे कावळे हाकत बसली होती. "बस गो बाय, उभी कशाला? च्या ठेवतंय," म्हणून ती आत गेली.

कॅरेनने फोटो पाहिला, मग ममताकडे पाहिलं. "खरं सांग. सही तूच केलीस ना?"

"कॅरेन."

"अगं, चिडू नको. मला कोर्टात उभी केलीस तर मी हेच सांगणार. थांब, दाखवते."

तिने आतून एक पोस्टकार्ड आणलं. गेंटच्या कालव्याचं चित्र. ममतानेच जुलैत पाठवलेलं. "हे बघ, तारीख टाकलीयेस. तुझा हा सात. पोटात आडवी दांडी. आणि एकाच्या डोक्याला ही लांब तिरकी रेघ. फॉर्मवर पण तेच हाय. सतराला पण, सत्तावीसला पण. एवढं डिट्टो कोण करेल?"

ममताने कार्ड हातात घेतलं आणि ती एकदम उठून उभी राहिली.

गेंटमध्ये पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या बाईंनी तिला सतरा नंबरऐवजी अकरा नंबरच्या फायली आणून दिल्या होत्या. ममताचा साधा सात त्यांना एक वाटला. तिकडे सातला मधे दांडी देतात, एकाला वर रेघ काढतात. दुसऱ्यांदा चूक झाली तेव्हा ममतानेही तसंच लिहायला सुरुवात केली आणि सहा आठवड्यांत ती सवय पक्की झाली. म्हणूनच काल ऑफिसात तिला त्या आकड्यांत काही वावगं दिसलं नव्हतं. आणि म्हणूनच त्या जुन्या झेरॉक्सा जुळत नव्हत्या. पॅनच्या झेरॉक्सवर सहीसोबत घातलेल्या तारखेत, बँकेच्या फॉर्मवर सात साधा होता.

"तिकडे जायच्या आधी माझा सात असा नव्हताच," ती म्हणाली. "ज्याने हे केलं, त्याच्यासमोर माझं जुलैतलं अक्षर होतं. साहिलकडे जुनं होतं."

"मग जुलैतलं कुणाकडे होतं?"

"तिकडून मी सगळ्यांना टाईप करूनच पाठवायचे. हाताने लिहिलेलं म्हणजे फक्त तीन पोस्टकार्डं. एक हे तुझं."

"माझ्यावर खाली नुसतं 'एम' लिहिलंयस. पूर्ण नाव कुठेय? आणि मला तुमच्या बिल्डिंगचं काय पडलंय."

"दुसरं आईला. ते मराठीत, आकडेसुद्धा मराठी, खाली ममता." तिचा आवाज खाली आला. "तिसरं इंग्रजीत. एक जुलैची तारीख, पत्त्यात सत्तावीस नंबरचा फ्लॅट, आणि सही पूर्ण नावाची. कारण त्यांनीच तसं शिकवलंय."

आयरिन चहा घेऊन आली. चहा कुणीच घेतला नाही.

६

शनिवारी दुपारी काका औषधं आणायला खाली उतरलेले पाहून ममता तिसऱ्या मजल्यावर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा एक हात मांडीवर निपचित. तिला बघून चेहऱ्याची एक बाजू हसली.

"ये गं. आल्यापासून वरच नाही आलीस."

"परवा आले होते, काकू. तुम्ही झोपला होता."

"मी? दिवसा कुठे झोपते मी?" काकू म्हणाल्या. मग चांगल्या हाताने त्यांनी उशीखाली चाचपलं. "तुझं कार्ड बघ किती जपून ठेवलंय. काय ते पाणी, काय त्या होड्या. रोज बघते मी."

ममताने कार्ड घेतलं. तिला उलटून बघायचं धाडस होईना. शेवटी तिने उलटलं. एक जुलै, सत्तावीस नंबर, पूर्ण नाव. सहीच्या अक्षरांवरून बोथट टोकाने गिरवल्याच्या बारीक खाचा कागदात उमटल्या होत्या. उजेडात तिरकं धरल्यावर त्या स्पष्ट दिसत होत्या.

"मधे आठेक दिवस ह्यांनी नेलं होतं," काकू सहज म्हणाल्या. "टेबलावर दिवा लावून बसायचे. म्हटलं, काय करताय? तर म्हणे, पोरीचं अक्षर किती सुधारलंय ते बघतोय."

मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. कोंडिरामकाका दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

७

ते दोघं बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. ममताने सगळं क्रमाने सांगितलं. दांडीचा सात, तीन कार्डं, कागदावरच्या खाचा, रविवारपर्यंत थांबण्याचा सल्ला. 

"सातची दांडी माझ्या लक्षात आली होती," काका शेवटी म्हणाले. "आधी अशी नव्हती. पण नक्कल करणाऱ्याने समोर आहे ते उतरवायचं असतं. तीस वर्षं तेच केलं."

"का केलंत?"

"चौदा झाल्या होत्या. एक कमी." ते हातातल्या औषधाच्या पावतीची घडी घालत होते. "जानेवारीत तिला दवाखान्यात न्यायचं होतं. खुर्चीला बांधून चार पोरांनी उतरवलं. प्रत्येक मजल्यावर लोक दारात येऊन बघत होते. ती डोळे मिटून होती. दुखत होतं म्हणून नाही. लाजेने. लिफ्ट आली की हे संपेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि तू जाताना याच जिन्यात म्हणाली होतीस, काका, लिफ्ट हवीच."

"लिफ्ट हवी म्हणाले होते. करार मी वाचलाही नव्हता. उद्या बिल्डर पळाला तर काकूंना घेऊन कुठे जाल तुम्ही?"

काकांनी पावतीची घडी पुन्हा उलगडली.

"आणि साहिलवर आळ आला."

"तुला म्हणालो की मी, त्याचं काम नाही."

"पण कुणाचं ते नाही सांगितलंत. काका, उद्या अकरा वाजता तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल. मला ते जमेल की नाही माहीत नाही, पण मी सांगेन."

काका कठड्याला धरून उठले आणि आत गेले.

घरी गेल्यावर तिने साहिलची माफी मागितली. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "तुझा तपास कच्चा होता, वकीलबाई." पण जेवताना त्याने तिच्या ताटात दुसरी भाकरी न विचारता वाढली.

रविवारी आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डरचा माणूस पेढ्यांचे खोके घेऊन आला होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, काका खाली आले नाहीत. परबांनी पेन काढलं. ममता उभी राहिली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

कोंडिराम खिल्लारे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी खिशातून हाताने लिहिलेला एक कागद काढला आणि कोर्टात निकाल वाचावा तसा, कुठेही न अडखळता वाचून दाखवला. फ्लॅट सतराची संमती खोटी आहे आणि ती मी केली आहे. खाली पूर्ण नावाची सही.

 सगळेच एकदम बोलायला लागले. परबांचा चेहरा पडला, नंतर लाल झाला. "पोलिसांत द्या," ते म्हणाले. "ममता, तक्रार दे. तुझी सही आहे."

सगळे तिच्याकडे बघत होते. आईसुद्धा.

"सही माझी आहे, तेव्हा तक्रारीचं मी ठरवीन," ममता म्हणाली. "आज एवढंच करा. हे निवेदन इतिवृत्ताला जोडा आणि माझी संमती काढून टाका. चौदा राहतात. करार आज होत नाही."

बिल्डरचा माणूस पेढे घेऊन परत गेला.

ममताने तक्रार केली नाही. बरोबर केलं की चूक, हे तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. कॉलेजात पुराव्याच्या तासाला ती बाकावर सारखी चुळबुळत राहायची.

पुढे महिन्याभराने पुन्हा सभा झाली. बँक गॅरंटीचं कलम आईने स्वतः उभं राहून मांडलं, आधी थोडी अडखळत, मग खणखणीत. बिल्डरने दोन आठवडे खळखळ केली आणि मान्य केलं. एकवीस संमत्या आल्या. ममताने आपली सर्वांसमोर टेबलाशी बसून दिली आणि सांगायला तिसऱ्या मजल्यावर गेली.

काका तिला बघून आतल्या खोलीत निघून गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या रविवारी ते खाली वाचत होते ना, ते खिडकीतून मला ऐकू येत होतं," काकू म्हणाल्या. "त्या कार्डाचं मीच तुला बोलले."

"काकू, मला तसं तुमच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं."

"काढून घेतलंस मात्र." त्यांनी ममताकडे सरळ पाहिलं. "एक सांग. तू इथे असतीस, तर त्या पहिल्या करारावर सही केली असतीस? माझ्यासाठी?"

ममताला खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, काकू. त्या करारावर नसती केली."

काकूंनी मान हलवली. "मग तू बरोबर वागलीस. ह्यांनाही मी तेच सांगितलं." त्यांनी चांगल्या हाताने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "पण मला अजून राग आहे. जाईल तेव्हा जाईल. तोवर वर येऊ नकोस. मी बोलावीन."

"बरं," ममता म्हणाली.

"जाताना दार ओढून घे."

ममताने दार ओढून घेतलं.